बाईंचा अंगठा

मोठ्या बाईंच्या उजव्या हाताच्या अंगठ्याबद्दल वनस्पतिशास्त्र विभागात जेवढं कौतुकाने बोललं जायचं, तेवढं कुणाच्या पीएचडीबद्दलही कधी बोललं गेलं नसेल. दिसायला तो चारचौघांच्या अंगठ्यासारखाच होता, जरा बसका, नखाच्या कडेला रंगाचा कायमचा लालसर डाग पडलेला. पण काचपट्टीवर मुळाचं टोक, त्यावर काचेचं पातळ झाकण, त्यावर टिपकागद आणि सगळ्यात वर बाईंचा अंगठा असा थर एकदा जमला, की आतल्या पेशी मुकाट्याने पसरायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर गुणसूत्रं निवडायला घेतलेल्या तांदळासारखी सुटी सुटी, खुशाल मोजा. दुसऱ्या गावचे लोक आपापली मुळं घेऊन यायचे आणि म्हणायचे, बाई, जरा तुमचा अंगठा लागू द्या.

धाकट्या बाईंच्या अंगठ्याबद्दल मात्र बोलण्यासारखं काही नव्हतं. धाकट्या बाई म्हणजे मोठ्या बाईंची सून. एकच विभाग, एकच आडनाव आणि एकच टेबल, म्हणून लोकांनी सोयीसाठी एकीला मोठ्या आणि दुसरीला धाकट्या करून टाकलं होतं. मोठ्या बाई निवृत्त झाल्या होत्या, म्हणजे त्यांचा पगार बंद झाला होता, येणं बंद झालं नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हाच त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "विभागात मला आई म्हणायचं नाही. तिथे मी बाई. आणि घरी मी तुझी परीक्षक नाही." यातला पहिला भाग त्यांनी कडक पाळला. दुसऱ्याचं काय सांगावं, उशीचे अभ्रे चढवण्यापासून बटाटे सोलण्यापर्यंत घरात एकही परीक्षा अशी नव्हती जी धाकटीने दिली नव्हती. अंगठ्याच्या परीक्षेत तर ती कायमची नापास होती.

"अंगठ्यात दम नाही तुझ्या," बाई म्हणायच्या. "पेशींना काय झोपवतेस? दाब."

धाकटी दाबायची. पेशी तिला दाद द्यायच्या नाहीत.

त्यांचं काम होतं रानकांद्यांचं. शेतातल्या कांद्याचे हे लांबचे, रानात राहिलेले भाऊबंद. वर्षातला बराच काळ जमिनीखाली गड्डा करून पडून राहतात आणि मोसम आला की एक उंच दांडा वर काढून त्याला पांढरी फुलं लावतात. फुलं दुपार कलल्यावर उमलतात आणि अंधार पडायच्या आत मिटतात, त्यामुळे ज्यांना ती बघायची असतील त्यांना दुपारच्या झोपेवर पाणी सोडावं लागतं. त्यांचं वर्गीकरण म्हणजे जुना घोळ आहे. पानांवरून ओळखावं तर एकाच टेकडीवर रुंद पानंही असतात आणि अरुंदही. फुलांवरून ओळखावं तर वाळवून कागदावर चिकटवल्यावर सगळी सारखीच तपकिरी. म्हणून शेवटी पेशीत डोकवायचं आणि गुणसूत्रं मोजायची. तिथेही सगळं सरळ नाहीच. कुणात चौदा, कुणात त्याच्या दुप्पट, कुणात मध्येच एखादं उपरं बारकं गुणसूत्र पाहुण्यासारखं येऊन राहिलेलं. पण निदान मोजता तरी येतं.

या रानकांद्यांत एक बाईंचा होता. खडकाळ टेकडीवरचा, पाकळीच्या मधोमध जांभळी रेघ असलेला. बाकी सगळ्या साध्या भाऊबंदांत चौदा गुणसूत्रं असताना यात बाईंनी सोळा मोजली होती आणि तेवढ्या बळावर तरुण वयात एक नवी प्रजाती उभी केली होती. तिला नाव दिलं होतं नवऱ्याचं, मागे रीतसर लॅटिन शेपूट लावून.

हा नवरा म्हणजे धाकटीचे सासरे, बाबा. शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न नवं होतं तेव्हा बाई टेकडीवर वाकून वाकून झाडं शोधायच्या आणि बाबा त्यांची चित्रं काढायला बरोबर जायचे. एकदा पाय घसरून ते खडकावर बसले, ते नेमके त्या रानकांद्याच्या शेजारी. फूल आपण शोधलं असं बाबा म्हणायचे. "शोधलं कसलं, थोडक्यात वाचलं ते तुमच्या खालून," असं बाई म्हणायच्या. बाबांनी काढलेलं त्या फुलाचं चित्र दिवाणखान्यात समोरच्या भिंतीवर होतं, खाली त्यांच्या सुंदर अक्षरात ते लॅटिन नाव. घरात येणाऱ्या कुणाचीही त्यातून सुटका नव्हती. गॅसचं सिलिंडर आणून देणाऱ्या माणसालासुद्धा बाबांनी चित्रापुढे उभं करून सांगितलं होतं, "हा मी. जगात कुठेही जा, हे फूल दिसलं की माझंच नाव घ्यावं लागतं." सिलिंडरवाल्याने चित्राकडे आणि बाबांकडे आळीपाळीने बघितलं होतं आणि सही मागितली होती, पावतीवर.

धाकटीचा प्रबंध याच गटावर होता. सगळे रानकांदे नव्याने मोजायचे, कोण कुणापासून वेगळा ते ठरवायचं, घोळ जमेल तेवढा निस्तरायचा. महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता आणि तो दिला की तिची नोकरी कायम होणार होती. सगळे गट झाले होते. राहिलं होतं ते बाबांचं फूल, आणि तिथे धाकटीचं घोडं पेंड खात होतं.

तिने टेकडीवरून गड्डे आणून कुंड्यांत लावले. सावलीत ठेवलेल्या कुंड्यांना फुलं आली ती रेघेशिवाय. उन्हात ठेवल्या तर रेघ परत हजर. म्हणजे रेघेवर काही उभं करण्यात अर्थ नव्हता, सगळा भार त्या सोळा आकड्यावर. आणि तिला सोळा मिळत नव्हते. कधी मिळायचे, पण बरेचदा चौदाच. चौदा आले की ती काचपट्टी टाकून द्यायची. तिला वाटायचं, आपला अंगठा तो, दाब कमी पडला असणार, दोन गुणसूत्रं कुठेतरी चिकटून राहिली असणार. बाईंनी सोळा म्हटलंय तर सोळाच. सोळावाल्या थोड्या पट्ट्या ती जपून ठेवत होती आणि चौदावाल्या भराभर धुवून टाकत होती. कित्येक महिने तिने हा उद्योग मनोभावे केला.

मग एका सकाळी एक पेशी अशी मिळाली की धाकटीचा हात जागीच थांबला. सगळी गुणसूत्रं नीट दिसत होती आणि एका लांब गुणसूत्राच्या टोकापासून थोड्या अंतरावर एक इवलासा गोळा होता. गुणसूत्राला असा गोळा असू शकतो, शास्त्रात त्याला उपग्रह म्हणतात, यात नवल नव्हतं. नवल हे होतं की गोळा आणि गुणसूत्र यांच्यामध्ये एक धागा होता. लांब आणि इतका पुसट, की श्वास रोखून बघितला तरच दिसावा. जोडीच्या दुसऱ्या गुणसूत्रालाही तसाच गोळा, तसाच धागा. धाग्यासकट मोजले तर चौदा. धागे तुटले आणि गोळे सुटे मोजले तर सोळा.

ज्यांना ती महिनोन्महिने कच्च्या पट्ट्या म्हणून मोरीत सोडत होती, त्याच खऱ्या होत्या. तिला आधी हसू आलं, मग तिने मोरीकडे बघितलं. सोळा कुठून आले तेही तिला त्याच क्षणी कळलं होतं. साऱ्या जगात नावाजलेल्या त्या अंगठ्याखाली असला धागा टिकणं शक्यच नव्हतं. बाईंची चूक झाली होती ती काम वाईट केल्यामुळे नाही. फार चांगलं दाबल्यामुळे.

खरं लिहावं तर सासूची प्रजाती मोडते आणि सासऱ्यांचं नाव जातं. न लिहावं तर प्रबंध खोटा. इकडे आड, तिकडे विहीर. तिने नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा आणि आईच्या व बायकोच्या शास्त्रात नाक खुपसायचं नाही अशी त्याची शपथ होती.

"लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकली की उडी मारायची नाही," तो म्हणाला. "शांत उभं राहायचं. मदत येते."

"कोण येतं मदतीला?"

"आमच्यात मीच जातो. पण हे काही माझ्या कामात बसत नाही." आणि तो दात घासायला निघून गेला.

विभागात एक रीत होती, बाईंनीच घालून दिलेली. एकाच्या डोळ्याने मोजलेला आकडा कुठेही छापायला जायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी तीच पट्टी मोजायची आणि मोजणाऱ्याला झाड कुठलं ते सांगायचं नाही. पट्टीवरच्या चिठ्ठीवर कोरा कागद चिकटवायचा. याला सगळे दुसरा डोळा म्हणायचे. आणि इतक्या वर्षांत रानकांद्यांचा दुसरा डोळा म्हणजे बाईच. त्या दर गुरुवारी यायच्या, खुर्चीची उंची वाढवायच्या, चष्मा कपाळावर सारायच्या आणि म्हणायच्या, "आणा काय ते."

म्हणजे धाकटीला निवडच नव्हती. पट्टी दुसऱ्या कुणाला दाखवावी तर बाईंच्या पाठीमागे केल्यासारखं होणार, आणि ते तिच्याच्याने झालं नसतं. बाईंना दाखवावी तर बाईंच्याच हाती कुऱ्हाड दिल्यासारखं. गुरुवार उजाडला तसं तिने कोरे कागद चिकटवले, पट्ट्या थाळीत लावल्या आणि थाळी बाईंपुढे ठेवली. झाकणाच्या कडा अजून नेलपॉलिशने बंद केलेल्या नव्हत्या, म्हणजे काच अजून पुन्हा दाबता येणार होती. रोज ती ते काम आधी उरकायची, आज कोरे कागद पुन्हा पुन्हा तपासण्यात ते राहून गेलं.

पहिल्या दोन पट्ट्या बाईंनी हां हां म्हणता मोजल्या. "चौदा. पुढची. अठ्ठावीस, आणि दाब बरा आहे हो आज. पुढची."

पुढच्या पट्टीवर त्या थांबल्या. सूक्ष्मदर्शकाला दोघींना एकदम बघता येईल अशी जोडनळी होती. धाकटीने तिच्या बाजूने डोळा लावला. तीच पेशी. तेच लांब गुणसूत्र, तोच गोळा.

"हा माझा आहे," बाई म्हणाल्या.

"सांगायचं नसतं मला, बाई."

"सांगू नकोस. लांब गुणसूत्रांची ही जोडी मी झोपेतही ओळखेन." त्या मोजू लागल्या. ओठ हलत होते. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"चौदा," बाई म्हणाल्या. धाकटीने डोळे मिटले. "पण कच्ची आहे. हे बघ, दोन तुकडे लांबच्याला चिकटून बसलेत. पसरलेच नाहीत. काय करावं तुझ्या अंगठ्याचं, कळत नाही मला."

"बाई, तो धागा..."

"अगं कसला धागा, रंगाचा ओघळ आहे तो. सरक बाजूला."

त्यांनी पेशीची जागा सूक्ष्मदर्शकाच्या मंचावरच्या मोजपट्टीवरून बघून ठेवली, काच उचलली, टेबलावर ठेवली, वर टिपकागदाची घडी घातली आणि अंगठा टेकवला. धाकटीने तो अंगठा शेकडो वेळा बघितला होता. खांद्यापासून उतरत आलेला सरळ दाब, नखाचा कडेचा भाग पांढरा पडायचा आणि अंगठा तसूभरही हलायचा नाही. तिला एकदा वाटलं हात धरावा. तिने धरला नाही. काच परत मंचावर गेली, तेलाचा थेंब पडला आणि बाईंनी तीच जागा, तीच पेशी, चटकन शोधून काढली. या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ये, बघ," त्या खुशीत म्हणाल्या. "सोळा. झक्क. दाब नीट बसला की कसं मोकळं होतं सगळं. उगाच नाही मी म्हणत."

धाकटीने बघितलं. दोन्ही गोळे दूर जाऊन पडले होते, गोल, सुटे, स्वतंत्र. धागा कुठेच नव्हता.

बोलायचं ते तिने चार दिवस पाठ केलं होतं आणि आता त्यातला एकही शब्द लागणार नव्हता. बाई अजून बघत होत्या. मंचाच्या चाकावरचा हात थांबला.

"मघाशी चौदा होते," त्या म्हणाल्या. कुणा तिसऱ्याला विचारल्यासारखा आवाज होता.

"हो."

"हीच पेशी."

"हो, बाई."

पेशीला अंगठ्यातून दोन गुणसूत्रं मिळत नाहीत, एवढं पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आपल्या अंगठ्याकडे बघितलं, चार लोकांत भलतंच बोलून बसलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"बरेच दिवस."

"आणि बोलली नाहीस."

"कशी बोलणार? भीती वाटत होती."

"माझी?"

"तुमची थोडी. बाबांची जास्त."

बाई हसल्या नाहीत. "या झाडाच्या आणखी पट्ट्या आहेत?"

"आहेत."

"दे सगळ्या." आणि एकही न दाबता त्यांनी सगळ्या मोजल्या. प्रत्येक वेळी स्पष्ट आवाजात चौदा म्हटलं. शेवटची झाल्यावर खुर्ची खाली केली, उठल्या आणि पर्स टेबलावर तशीच सोडून निघून गेल्या. बाई वस्तू विसरत नसत. धाकटी ती पर्स मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली आणि तिला स्वतःचा मनापासून राग आला, कशाबद्दल ते मात्र धड सांगता आलं नसतं.

घरी सगळे जेवायला बसले. नवरा आईकडे, मग बायकोकडे बघून खाली बघत होता. मधला मजला, सगळेच अडकलेले.

"अहो," बाई एकदम म्हणाल्या, "तुमचं फूल गेलं."

बाबांचा चमचा हवेत राहिला. "मेलं? कुंडीतलं?"

"मेलं नाही. वेगळं राहिलं नाही. साध्या रानकांद्यासारखंच आहे ते, चौदाचंच. वरचे दोन मी तोडलेले तुकडे होते. माझ्या अंगठ्याने तोडून मीच मोजले. हिने पकडलं."

"पकडलं वगैरे नाही, बाबा," धाकटी घाईने म्हणाली, आणि पुढे काय म्हणावं ते तिला सुचेना.

बाबा मान वळवून भिंतीवरच्या चित्राकडे बघू लागले. धाकटीच्या मनात आलं, यापेक्षा त्यांनी ओरडावं.

"मग माझ्या नावाचं काय करतात?" बाबांनी विचारलं. "खोडतात?"

"नाही, नाही," ती म्हणाली. "खोडत नाहीत. दोन प्रजाती एक झाल्या की आधीचं नाव चालतं आणि नंतरचं त्याच्याखाली लिहितात. प्रत्येक पुस्तकात, जिथे जिथे ते फूल येईल तिथे. कायमचं."

"खाली."

"हो. जरा बारीक अक्षरात."

बाबांनी चमचा तोंडात घातला, घास सावकाश चावला, गिळला. "म्हणजे लग्न झाल्यापासून मी या घरात जिथे आहे तिथेच," ते म्हणाले.

आधी नवरा हसला, ठसका लागेपर्यंत. मग धाकटी. बाई हसल्या त्या सगळ्यात शेवटी, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना, म्हणून त्या रिकामी पाण्याची बाटली भरायला आत गेल्या. बाबा उठून त्यांच्या मागे गेले. आत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही, नळ मात्र बाटली भरून वाहून जाईल इतका वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी चित्र उतरवलं, काच काढली आणि खालची अक्षरं खरडून नव्याने लिहिली. वर जुनं नाव, खाली बारीक अक्षरात त्यांचं. बारीक अक्षर लिहिणं जास्त कठीण असतं, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. सिलिंडरवाला आला तेव्हा त्याला पुन्हा चित्रापुढे उभं राहावं लागलं. "हे खाली दिसतंय ना, तो मी," बाबा म्हणाले. "भिंग आणून देऊ?"

बाबांचं निभावलं. बाईंचं काही निभावलेलं दिसेना. पुढच्या गुरुवारी त्या विभागात आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. घरी त्या बोलायच्या, हसायच्या, बटाट्यांची सालं जाड काढल्याबद्दल टाकून बोलायच्याही, पण रानकांद्यांचं नाव नाही. धाकटीने प्रबंध दिला. शेवटच्या प्रकरणात तिने सगळं स्वच्छ लिहिलं, जोडपत्रात धाग्याचा फोटो लावला, दुसरा डोळा म्हणून बाईंचं नाव घातलं. लोकांनी अभिनंदन केलं तेव्हा तिला आनंद झाला नाही. तिला हवं होतं ते एवढंच, की त्या खुर्चीची उंची पुन्हा कुणीतरी वाढवावी. विभागातले लोक विचारायचे, मोठ्या बाई बऱ्या आहेत ना? ती हो म्हणायची आणि खुर्चीकडे बघायची नाही.

मग एक दिवस, गुरुवारही नव्हता, ती कुंडीतून गड्डा उपटून मुळं धूत असताना दारात चपला काढल्याचा आवाज आला. बाई आत आल्या. खुर्ची ओढली, वर केली आणि उजवा हात टेबलावर पालथा ठेवला.

"टेकडीवरचा आहे?"

"हो, बाई."

"लाव एक पट्टी. आणि दाबू नकोस. मी दाबते." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू सांग कसं ते."

धाकटीने रंगवलेलं मुळाचं टोक काचेवर ठेवलं, सुईच्या बोथट टोकाने हलकेच ठेचलं, झाकण ठेवलं, टिपकागद ठेवला. बाईंनी अंगठा टेकवला. नखाची कड पांढरी पडू लागली तशी धाकटीने त्यांच्या मनगटाखाली हात घातला आणि थोडा वर उचलून धरला. मनगट म्हातारं झालं होतं, ते तिला आजच कळलं.

"जास्त होतंय," ती म्हणाली. "अजून हलकं. नुसता ठेवा. हलकं, आई."

शब्द निघून गेला आणि तिने जीभ चावली. बाईंनी वर बघितलं नाही. अंगठा आणखी हलका झाला, कागदावर नुसता टेकल्यासारखा.

पेशी शोधायला वेळ लागला, कारण काहीच नीट पसरलं नव्हतं. एकावर एक, वेडंवाकडं, धाकटीच्या पट्टीत असतं तसंच. बाई कुरकुर न करता शोधत राहिल्या. मग त्यांचा हात चाकावर थांबला आणि धाकटीने जोडनळीला डोळा लावला.

लांब गुणसूत्र होतं. त्याचा गोळा होता. मध्ये, तुटेल की राहील असा, धागा होता.

बाई खूप वेळ बघत होत्या. "होता की गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळा वेळ इथेच होता."

चाकावरच्या त्यांच्या मनगटाखाली धाकटीचा हात पुन्हा गेला होता. तो तिने तसाच राहू दिला.